उधारीची वही : प्रकल्प नोंदी

३ मे २०२४

काकाच्या विरारच्या घराला रंग काढतायत म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि सगळ्यांनी ती उघडून बसायचा कार्यक्रम केला. आजोबांचा मिलचा पास, तीन रेशन कार्डं, बाबांचे शाळेतले दाखले, आणि तळाला वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. मला वाटलं आजोबांचा हिशेब असेल, पण आजोबांचं अक्षर मला माहितीये, हे ते नव्हतं. हे अक्षरच नव्हतं.

आजीला आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. लालबागच्या चाळीतल्या खोलीत तिची खाणावळ होती हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण बावीस माणसं जेवायला असताना ती हिशेब कसा ठेवायची हे विचारायचं कधी डोक्यातच आलं नाही. तर असा ठेवायची : प्रत्येकाची एक खूण. छत्री. चष्मा. कंदील. मासा. एक नुसता कान. खुणेपुढे उभ्या रेघा, एक रेघ म्हणजे एक वेळचं जेवण, मध्येच एखादं छोटं गोल म्हणजे त्याच्याबरोबर पाहुणा जेवला. शेवटच्या पानांवर काही खुणांवर फुली आहे.

मी अकरा वर्षं चित्रं काढून पोट भरतेय आणि आमच्या घरात आधीच एक चित्रकार होती हे मला आज कळलं. (हे वाक्य कुठेतरी वापरेन म्हणून लिहून ठेवलं, पण वापरणार नाही बहुतेक, फार गोड आहे.)

सगळी पानं मोबाईलवर स्कॅन केली. वही आजीकडेच ठेवली, ती म्हणाली "व्हर गो, माका काय करूचा तेचा", पण हातातून सोडेना.

११ मे

ठरलं. ह्या वहीवरून चित्रमालिका करायची. कोणाची ऑर्डर नाही, डेडलाईन नाही, पैसे नाहीत.

आधी कॉमिक्ससारख्या चौकटींत विचार केला, सहा पानं रफ पण काढली. फुगे आले, फुग्यांत वाक्यं आली, आणि आजी एकदम टीव्ही सिरियलमधली आजी झाली. फाडली नाहीत, बाजूला ठेवली.

मग चित्रकथी आठवलं, चित्रं दाखवत कथा सांगायची जुनी कला. आमचं मूळ गाव कुडाळ तालुक्यात, आणि ही कला जिथली ते पिंगुळी तिथून रिक्षाच्या अंतरावर, म्हणजे हे माझ्या अंगणातलंच, पण मी खरं तर पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात केळकर म्युझियममध्ये, कॉलेजच्या ट्रिपमध्ये, काचेमागे. सुटी पानं, साधारण बारा इंच बाय सोळा इंच, पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक पान उलटलं की पुढचा प्रसंग. सगळा गठ्ठा म्हणजे पोथी. सांगणारा एकेक पान समोर उभं धरतो आणि कथा गातो. वहीसाठी हाच फॉर्म बरोबर वाटला, कारण वहीपण पानापानाचीच आहे आणि आजीशिवाय कोणाला वाचता येत नाही.

चोवीस चित्रं. बारा पानं, दोन्ही बाजू. बघू.

२६ मे

विरार. आजीबरोबर दोन तास, मोबाईल उशीखाली रेकॉर्डिंगला लावून, कारण समोर ठेवला की ती रेडिओवर बोलल्यासारखी पुस्तकी बोलते.

एकतीस खुणा आहेत. सगळे एकाच वेळी जेवायला नव्हते, येणारे-जाणारे धरून एकतीस. त्यातल्या सव्वीसांबद्दल ती काही ना काही बोलली. छत्री का, तर तो उन्हाळ्यातपण छत्री घेऊन फिरायचा. "छत्रीवालो बरो होतो, पण भात जास्त खाय." कान, कारण कान मोठे. मासा हा कोळी असेल असं मला वाटलं, तर नाही, तो घाटावरचा होता, शाकाहारी, पहिल्या दिवशी चुकून बांगडा वाढला आणि तो ताटावरून उठला, म्हणून मासा. म्हणजे माणसाची खूण त्याच्या न खाण्यावरून! हे मला सुचलंच नसतं.

दोन खुणांबद्दल तिने ओठ मिटून घेतले. तिघांचं काहीच आठवत नाही म्हणाली.

आणि एक अट घातली. "नाव घालू नको हां. तेंची नातवंडां आसतली." त्यामुळे ह्या नोंदींतपण फक्त खुणा.

९ जून

कागदाचा पोपट.

हौसेने हातकागद आणला, जाड, चिंध्यांच्या लगद्याचा, काय सुंदर पोत. पहिलीच रेघ मारली आणि ती टीपकागदावर शाई सांडावी तशी पसरली. आजीचं नाक तीन मिनिटांत गालापर्यंत. दुकानदाराला विचारायला हवं होतं की कागदाला सायझिंग (शाई पसरू नये म्हणून देतात तो हात) केलंय का, विचारलं नाही, माझीच घाई.

आता घरी करतेय. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवून त्यात चिमूटभर तुरटी, रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना एक एक हात, आणि मग कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत. पहिल्या खेपेला तुरटी जास्त झाली, कागद पापडासारखा कडक आणि वाकडा. दुसऱ्या खेपेला ठीक. डोंबिवलीत जूनमध्ये काहीतरी वाळवणं हा स्वतंत्र प्रकल्प आहे, त्यात शेजारच्या काकू विचारून गेल्या की हे पापड आहेत का.

२२ जून

चित्र ३, खोली. दहा बाय बाराची. ह्यावर पंधरा दिवस गेलेत आणि मला अजून आवडत नाहीये.

अडचण अशी की त्या खोलीत दिवस नव्हता, पाळ्या होत्या. पहिली पाळी सातला सुटायची नाही, सातला लागायची, म्हणजे साडेसहाच्या आत त्यांच्या भाकऱ्या बांधून तयार. दुसरी साडेतीनला लागायची, ते जेवून निघायचे. रातपाळी बाराला. म्हणजे चूल, खरं तर स्टो आणि एक कोळशाची शेगडी, जवळजवळ थंड होतच नव्हती. जेवणाऱ्यांतले बरेच जण गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांच्या सामाईक खोलीत राहायचे, एकेका खोलीत वीस-पंचवीस, एक पाळी कामावर असताना दुसरी पाळी त्याच जागी झोपलेली. आजी घड्याळ बघायची नाही, भोंगा ऐकायची. बाबा सांगतात की कुठल्या मिलचा भोंगा हे तिला आवाजावरून कळायचं, आणि जवळच्या मिलचा एक मिनिट उशिरा वाजला तर ती पुटपुटायची.

आता हे एका चित्रात कसं बसवू? मी खिडकीतून प्रकाश आणला, सकाळचा तिरका पिवळा, स्टोची निळी ज्योत, वाफ, भिंतीवर भांड्यांच्या सावल्या, कॅलेंडर, देव, वळकट्या, लटकवलेले शर्ट. मस्त दिसतंय. इन्स्टावर टाकलं असतं तर लोकांनी बदाम दिले असते. पण आजी त्यात दिसतच नाही, शोधावी लागते.

१४ जुलै

तीन आठवडे काही नाही. एका क्लायंटने मसाल्याच्या पाकिटावरची बाई आठ वेळा बदलायला लावली, आधी "जरा पारंपरिक", मग "जरा मॉडर्न", मग "दोन्ही". शेवटी पहिलीच फायनल. पैसे अजून आलेले नाहीत.

पण काल रात्री बसून चित्र ९ पूर्ण केलं आणि हे मालिकेतलं सगळ्यात चांगलं चित्र झालंय असं मला वाटतंय. फुल्यांचं चित्र. वहीच्या शेवटच्या पानांवर एकतीसपैकी चौदा खुणांवर फुली आहे, तारखा सगळ्या ८२-८३ च्या, म्हणजे गिरणी संपाच्या. मी चौदा रिकामी ताटं काढली, उपडी, प्रत्येकावर वहीतल्यासारखीच वेडीवाकडी फुली, आणि कोपऱ्यात पाठमोरी आजी. गेलेली माणसं. काळा आणि गेरू, दुसरा रंग नाही. बघून माझ्याच पोटात कालवलं.

२८ जुलै

संपाचं चित्र. नुसता वैताग.

माहिती सगळी हाताशी आहे. १८ जानेवारी १९८२, सोमवार. अडीच लाख गिरणी कामगार, पुढारी दत्ता सामंत, पगारवाढ आणि बोनस हे तर होतंच पण भांडण ह्याचंही होतं की १९४६ च्या कायद्यामुळे एकच मान्यताप्राप्त युनियन कामगारांच्या वतीने बोलणार, मग ती कामगारांना नको असली तरी. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. मिली बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, हे आता सगळ्यांना पाठ आहे.

मी मोर्चा काढला. झेंडे, मुठी, तोंडं, शंभरेक डोकी. नीट जमलंय, पण असं चित्र मी आधी पाहिलंय, दहा ठिकाणी, माझ्यापेक्षा चांगल्या हातांनी काढलेलं. सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात डॉक्टरकी करता करता ह्या शहरातल्या कष्टकऱ्यांची जी माणसं रंगवलीत ती बघितल्यावर मुठी काढायला हात धजत नाही.

बाबांना फोन केला. ते तेव्हा नववीत होते, डबे पोचवायचे. विचारलं, त्या दिवसाचं काय आठवतं? म्हणाले, मोर्चा वगैरे नंतर, त्या सकाळचं एवढंच आठवतं की आई सवयीने चारला उठली, बावीस जणांचं पीठ परातीत काढलं, पाणी घातलं, आणि मग तशीच बसून राहिली. भिजवलेलं पीठ, तांदळाचं, ठेवून काय करणार. शेवटी सगळ्या भाकऱ्या केल्या. चाळीत वाटल्या.

मोर्चा रद्द. परात.

११ ऑगस्ट

आजीला पहिली नऊ चित्रं दाखवली. आयुष्यात कुठल्या आर्ट डायरेक्टरसमोर एवढी घाबरले नव्हते.

चित्र १ : "ही कोण गो? माझा नाक येवडा लांब खंय आसा?"

चित्र ३, ती पंधरा दिवसांची खोली : बराच वेळ बघितलं, चष्मा काढून परत बघितलं, आणि विचारलं, "भाकरी खंय आसत?" नाहीयेत. मी सावल्या काढल्या, वाफ काढली, कॅलेंडरवरचा गणपती काढला, आणि खाणावळीच्या चित्रात भाकरीच काढली नाही.

चित्र ९. मी काही न बोलता समोर धरलं, थोडी नाटकीच, खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांत पाणी येईल अशी तयारी करून. ती म्हणाली, "ताटा उपडी कित्याक घातलंस?"

मी म्हटलं, आजी, हे जे गेले ते. फुली मारलेले.

तर ती हसायलाच लागली. फुली म्हणजे गेला नव्हे. "फुली म्हणजे त्येणा पैशे दिल्यान. फिटला." आणि बाकीचे? "फुली नाय ते गावाक गेले. तेंका काय मागूचा?"

म्हणजे मी उलटं वाचलं होतं. सगळं. चौदा गेलेली माणसं नाहीत, चौदा फेडलेल्या उधाऱ्या आहेत. पगार बंद असताना, काही जण वर्षा-दोन वर्षांनी. आणि जे सतरा खरंच गेले त्यांच्या खुणा वहीत धडधाकट आहेत, स्वच्छ, काही न झाल्यासारख्या. मी फुली बघितली आणि मला मरण दिसलं, कारण फुलीचा अर्थ मला शाळेत चुकीच्या गणितावरून शिकवलाय. तिला कुठे शाळा होती.

लोकल पकडून घरी येईपर्यंत स्वतःवर चिडलेले होते. वसई सोडली तेव्हा हसू आलं.

१२ ऑगस्ट

रात्री रेकॉर्डिंग परत ऐकलं. चौदा फुल्या कशा पडल्या ते तिने एकेक करून सांगितलंय आणि ती सांगत असताना मी अजून माझ्या चित्राच्याच शोकात होते, त्यामुळे अर्धं ऐकलंच नव्हतं.

छत्रीने वर्षभराने गावाहून उकड्या तांदळाचं पोतं पाठवलं, एसटीच्या टपावरून, परळ डेपोत जाऊन बाबांनी उतरवून घेतलं. त्याची फुली. चष्म्याने तीन मनीऑर्डरी केल्या, तिसरी आली तेव्हा फुली. कान रंगाच्या कामाला लागला होता, त्याने खोलीला रंग काढून दिला, दोन हात, त्याची फुली जरा मोठी आहे, कदाचित आजी खूश होती. शिडीने मनगटावरचं घड्याळ काढून दिलं ते आजीने घेतलं नाही, मग त्याने घड्याळ विकून पैसे आणून दिले, त्यावरून ती अजूनही त्याला शिव्या घालते.

आणि एक असा आहे, कुठली खूण ते लिहीत नाही, त्याच्याबद्दल ती आवाज खाली करून म्हणाली, "तेची बायल गेली तेव्हा. मीच मारलंय फुली."

रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर पंख्याचा आवाज आहे बराच वेळ. मग तिने चहा करायला सांगितलं.

१४ सप्टेंबर

गणपतीला गावी आले होते, गौरी-गणपती पोचवून झाल्यावर एक दिवस पिंगुळी. ठाकर आदिवासी कला आंगण. गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलंय, परशुराम गंगावणे आणि त्यांच्या घरच्यांनी, २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी एकदम "आपल्या कुडाळचे" म्हणून छाती फुगवली होती, त्याआधी किती जण बघायला गेले होते ते विचारू नका. मीपण नव्हते गेले.

आत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, पोथ्या. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता ह्या कलेला, देवळात सांगायचे, वीणा, टाळ, हुडूक. प्रकार तर फारच जुना, बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात चित्र दाखवत कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे.

पण मी जे शिकायला गेले होते ते दुसरंच. काचेमागे पान बघणं आणि कोणीतरी ते हातात धरून सांगताना बघणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक पान मनात राहिलंय. डावीकडे एक माणूस, उजवीकडे एक, दोघं एका अंगाने, मोठाले डोळे, एकमेकांकडे बघतायत. मध्ये काही नाही. मागे काही नाही. आकाश नाही, जमीन नाही, झाड नाही, कागद. म्युझियमच्या काचेमागे मी ह्याला "अलंकारिक सपाटपणा" वगैरे म्हटलं असतं. पण सांगणं सुरू झालं तशी त्या मधल्या मोकळ्या जागेत बोट फिरायला लागलं, आणि तिथे आधी राजवाडा झाला, मग रान झालं, मग रात्र झाली. त्याच कागदावर. जागा मोकळी होती म्हणून झालं. तिथे कोणी माझ्यासारखा खिडकीतला तिरका प्रकाश आणून ठेवला असता तर बोट कुठे फिरवणार?

माझ्या खोलीच्या चित्राचं काय चुकलंय ते मला त्या गोठ्यात कळलं. मी सगळं आधीच सांगून टाकलेलं. आजीला बोलायला जागाच ठेवली नव्हती, भाकरी सोडून.

घरी येऊन आजीला सांगितलं (ती पण आलीये गावी, काकाबरोबर) तर म्हणते, आम्ही देवळात बघायचो की लहानपणी, रातभर चालायचं, मला झोप यायची आणि जाग आली की तेच चित्र समोर असायचं पण गोष्ट पुढे गेलेली असायची. हे तिने इतक्या महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

६ ऑक्टोबर

पहिल्यापासून. नऊच्या नऊ परत.

खोली : आजी डावीकडे, एका अंगाने, बसलेली, पायाखाली पाट. उजवीकडे तिच्याकडे तोंड करून तीन जण, एक पहिल्या पाळीचा, एक दुसऱ्या, एक रातपाळीचा, तिघांच्या समोर तीन ताटं. मध्ये परात आणि भाकऱ्यांची चळत. बस. भिंत नाही, खिडकी नाही, कॅलेंडर नाही. हात शिवशिवत होता एक पितळेचा डबा तरी काढू म्हणून. नाही काढला.

माणसांचे चेहरे जवळजवळ सारखेच ठेवलेत, मोठा डोळा, टोकदार नाक (आजी, माफ कर), कोण कुठला ते कळायला प्रत्येकाच्या डोक्यावर वहीतली खूण, तिच्या हातची, लाईटबॉक्सवर ठेवून जशीच्या तशी उचललेली. खुणा मी सुधारल्या नाहीत. छत्री कोळंबीसारखी दिसते, दिसू दे.

परातीचं चित्र : आजी, परात, उजवी बाजू पूर्ण मोकळी. नेहमी जिथे जेवणारे असतात तिथे कागद. हे एका बैठकीत झालं. चाळीस मिनिटं.

२७ ऑक्टोबर

रंगांचे प्रयोग, दिवाळीच्या साफसफाईतून पळून.

गेरू आजीकडच्याच डब्यातला, रांगोळीखाली सारवायला आणलेला, कुटून, वस्त्रगाळ करून, डिंकाच्या पाण्यात. निळ्यासाठी कपड्याची नीळ, ती पातळ केली की धुतलेल्या बनियनसारखा एक फिका निळा येतो, जेवणाऱ्यांच्या सदऱ्यांना तोच लावला. काळा काजळीचा. काजळी पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगत बसते, कुठेतरी वाचलं की थेंबभर साबण घाला, मी भांड्यांचा साबण घातला आणि फेस आला, पूर्ण चित्रावर बारीक काळे बुडबुडे फुटलेले. ते चित्र वाया नाही घालवणार, रातपाळीला वापरते.

स्कॅन केलं तर गेरू स्क्रीनवर टूथपेस्टसारखा गुलाबी. आणि माझा स्कॅनर ए-फोर, म्हणजे एक चित्र चार तुकड्यांत घेऊन जोडायचं. दोन संध्याकाळी रंग दुरुस्त करण्यात घालवल्यावर स्वतःलाच विचारलं, स्क्रीनवर कशाला जायचंय? पान हातात धरून सांगायचंय ना? स्कॅन फक्त नोंदीपुरते. सोडून दिलं.

१७ नोव्हेंबर

फुल्यांची पानं हा आता मालिकेचा मोठा भाग झालाय, चौदा फुल्या, चौदा चित्रं. सगळ्यांची रचना एकच : डावीकडे आजी आणि वही, उजवीकडे तो माणूस, मध्ये त्याने जे आणलं ते. तांदळाचं पोतं. तीन मनीऑर्डरी. रंगाचा डबा आणि ब्रश. नोटा (घड्याळ नाही, घड्याळ तर विकलं, ते फक्त सांगायचं). वर खूण, खुणेवर फुली.

अडलं ते त्या एकावर. मध्ये काय काढू? त्याने काही आणलंच नाही. मध्ये मोकळं ठेवलं तर पिंगुळीच्या पानासारखं होईल, देखणं होईल, पण मग तेरा पानांवर वस्तू आणि एकावर रिकामं म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळेल की ह्याचं काहीतरी वेगळंय. चार रफ केले. एकात आजीचा हात पुढे, एकात त्याची मान खाली. सगळे चुगली करतात.

शेवटी बाकीच्यांत ज्यांनी नुसते पैसे आणून दिले असे सहा आहेत, त्यांच्यासारखंच काढलं. मध्ये थोडी नाणी, एक नोट. फुली बाकीच्यांइतकीच. सहाची सात झाली. मला माहितीये, तिला माहितीये, पानाला माहिती नाही.

म्हणजे मी चित्रात खोटं काढलं का? हो. दोन दिवस ह्यावर विचार केला आणि तसंच ठेवलं.

८ डिसेंबर

चोवीस झाली. फुल्यांच्या चौदांमुळे मधली बरीच उडाली, मोर्चा तर आधीच गेला होता, आजोबांचं वॉचमनच्या नोकरीचं चित्र पण नाही ठेवलं, ते दुसऱ्या गोष्टीतलं आहे. सतरा विनाफुलीचे सगळे एकाच शेवटच्या पानावर, नुसत्या खुणा, रांगेने.

अजून पाठीला पाठ चिकटवलेली नाहीत. तशीच सुटी घेऊन विरारला गेले, सांगून बघायला. आजी, काका-काकी, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी ज्या सगळीकडे असतातच.

मी सांगायला सुरुवात केली. पहिली तीन पानं मी सांगितली, लिहून पाठ केलेलं, छान ठरवलेलं वगैरे. चौथ्या पानाला आजी म्हणाली थांब, आणि पान माझ्या हातून घेऊन मांडीवर उभं धरलं, मावशींकडे तोंड करून. त्यानंतर माझा नंबर लागलाच नाही. तिने सांगितलेलं माझ्या रेकॉर्डिंगशी निम्मं जुळत नव्हतं. तांदळाचं एक पोतं दोन झालं. मासा बांगडा बघून उठला तो थेट जिन्यापर्यंत पळाला. परातीच्या चित्राला ती काही बोललीच नाही, बोटाने मोकळ्या जागेवरून एकदा वरून खाली रेघ मारली, वहीत मारायची तशी, आणि पान उलटलं.

मग ते पान आलं, ते एक. माझ्या पोटात गोळा. मावशी पुढे वाकून विचारतायत, ह्याने हो काय दिलं?

आजीने नाण्यांवर बोट ठेवलं. "ह्येना तर सगळ्यांच्या आधी दिल्यान," म्हणाली, आणि पुढचं पान मागायला हात माझ्याकडे केला.

उद्या खळ शिजवायची. मैदा आहे घरात, मोरचूद आणायचाय, नाहीतर झुरळं खातात.